विश्लेषण : बाबागाडी घ्यायचीय? आधी घरापासून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता मोजा

कोणत्याही मोठ्या गृहसंकुलाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा. दर थोड्या दिवसांनी एक मेसेज येतोच : ‘बाबागाडी विकणे आहे. जवळपास नवी. चार-पाच वेळाच वापरली आहे.’ सोबत फोटो, फोटोत अजूनही न काढलेलं प्लॅस्टिक. बाळाच्या खरेदीत एवढ्या किमतीची आणि इतकी कमी वापरलेली दुसरी वस्तू सापडणं कठीण.

दोष आईवडिलांचा नाही. बाबागाडी विकली जाते ती मॉलच्या गुळगुळीत फरशीवर, आणि वापरायची असते सोसायटीच्या गेटबाहेर. या दोन ठिकाणांमध्ये जे अंतर आहे, त्याबद्दल जाहिरातीत काहीच नसतं. चार हजारांच्या छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाडीपासून लाखाच्या घरातल्या परदेशी मॉडेलपर्यंत सगळं एका रांगेत मांडलेलं असतं. विक्रेता कप होल्डर दाखवतो, कापडाचे रंग दाखवतो. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता का आणि लिफ्ट आहे का, हे तो विचारत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो : आपल्या शहरांत राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी पहिली बाबागाडी उशिरा घ्यावी, हलकी घ्यावी आणि दिसण्यापेक्षा चाकं, ब्रेक व पट्टे यांवर पैसे घालवावेत. का, ते पुढे.

नवजात बाळाला बाबागाडी लागते का?

इथे पहिला घोळ होतो. बॉक्सवर ‘० महिन्यांपासून’ असं छापलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो. पण जन्मल्यापासून साधारण सहा महिन्यांपर्यंत बाळाची मान आणि पाठ स्वतःचा भार नीट सांभाळू शकत नाही. अर्धवट बसत्या अवस्थेत डोकं पुढे झुकलं, हनुवटी छातीला टेकली, तर श्वासमार्ग आक्रसतो. म्हणून या वयात गाडीची पाठ पूर्ण आडवी होणं किंवा तिला वेगळा सपाट पाळणा बसवता येणं आवश्यक आहे. छत्रीसारख्या मिटणाऱ्या बहुतेक स्वस्त गाड्यांत हे होत नाही. त्यांची पाठ थोडीशीच मागे जाते. त्या बसू लागलेल्या बाळासाठी आहेत.

दुसरी गोष्ट झोपेची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचा, सल्ला स्पष्ट आहे : स्ट्रोलर, कार सीट, झोके ही नेहमीच्या झोपेची जागा नव्हे, विशेषतः चार महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी. फिरताना डोळा लागला तर घरी आल्यावर बाळाला सपाट, घट्ट गादीवर पाठीवर निजवायचं. ‘आत्ताच झोपलंय, राहू दे गाडीतच’ हे घराघरांत ऐकू येणारं वाक्य म्हणून टाळायचं.

आता हिशेब मांडा. आपल्याकडे सव्वा महिना तर बाळ-बाळंतीण घराबाहेरच पडत नाहीत. त्यानंतर डॉक्टरकडे लस, एखादी संध्याकाळची चक्कर, बारसं. २०१७च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, म्हणजे सहा महिने. नेमक्या याच सहा महिन्यांसाठी सपाट पाळण्याची महागडी गाडी विकली जाते आणि नेमक्या याच सहा महिन्यांत ती सर्वांत कमी बाहेर पडते. आठवड्यातून दोनदाच बाहेर जाणार असाल, तर कडेवर, मांडीवर किंवा चांगल्या कॅरियरमध्ये बाळ नेणं पुरतं.

कॅरियर किंवा झोळीचेही नियम आहेत. बाळाचं तोंड सतत दिसलं पाहिजे, हनुवटी छातीपासून सुटी हवी, मान झुकवली की तुमचे ओठ त्याच्या टाळूला टेकतील इतकं ते वर हवं. गुडघे नितंबापेक्षा किंचित वर, पाय बेडकासारखे फाकलेले. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा वजन कमी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दुचाकीवर मात्र छातीला बाळ बांधून जाणं हा पर्याय समजू नका. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना हार्नेस, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये अधिसूचित झाला आणि वर्षभराने लागू झाला. तान्ह्या बाळाच्या मापाचं हेल्मेट आणा म्हणावं कुठून? उत्तर सरळ आहे : तान्हं बाळ दुचाकीवर न्यायचंच नाही.

ज्यांना पहिल्या महिन्यापासून गाडी खरंच लागणार आहे त्यांनी सपाट पाठीचीच घ्यावी. सिझेरियन झालेली आई, जिला फार वेळ उचलून घेता येत नाही, जुळी बाळं, घरात मदतीला कोणी नाही आणि सोसायटीत आत फिरायला चांगला रस्ता आहे, अशी कुटुंबं यात येतात. त्यांच्यासाठी हा खर्च चैन नाही.

फुटपाथवर गाडी का अडते?

शाळेतलं भौतिकशास्त्र इथे कामाला येतं. चाक एखाद्या उंचवट्यावर चढायचं तर त्याचा केंद्रबिंदू त्या उंचवट्याच्या कडेवरून फिरावा लागतो. चाक जितकं लहान, तितका जोर जास्त. छत्री-गाडीचं पुढचं चाक साधारण १५ सेंटीमीटर व्यासाचं धरू. पेव्हर ब्लॉक उखडून २ सेंटीमीटरची पायरी तयार झाली आहे आणि पुढच्या चाकांवर ५ किलोचा भार आहे. ढोबळ हिशेबाने ती पायरी चढायला सुमारे साडेचार किलोचा आडवा जोर लागतो, म्हणजे जवळजवळ भाराइतकाच. चाक २५ सेंटीमीटरचं असेल तर हाच जोर सव्वातीन किलोवर येतो. आणि पायरीची उंची चाकाच्या निम्म्या व्यासाइतकी झाली, की कितीही ढकला, चाक चढत नाही. तिथे हँडल दाबून पुढची चाकं उचलावीच लागतात.

हे सूत्र लक्षात ठेवायची गरज नाही. एवढंच लक्षात घ्या की २ सेंटीमीटर म्हणजे आपल्या फुटपाथवरची सर्वसाधारण खोच, आणि फुटपाथची कड तर १५ सेंटीमीटर किंवा त्याहून उंच. १५ सेंटीमीटरच्या कडेवर ३० सेंटीमीटर व्यासाचं चाकसुद्धा नुसतं ढकलून चढणार नाही. त्यामुळे ‘हँडल दाबून पुढची चाकं सहज उचलली जातात का’ ही चाचणी आपल्याकडे सर्वांत महत्त्वाची, आणि ती दुकानात कोणी करून दाखवत नाही.

मग मोठ्या चाकांची गाडी घ्यावी? इथेच खरी ओढाताण आहे. मोठी चाकं, भक्कम सांगाडा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आले की वजन बारा-तेरा किलोवर जातं. छत्री-गाडी पाच ते सात किलोत बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार वर्षाच्या बाळाचं वजन नऊ-साडेनऊ किलोच्या आसपास असतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढताना हे दोन्ही आकडे एकत्र करा : जड गाडीचे २१-२२ किलो, हलकीचे १५-१६. शिवाय पाण्याची बाटली, डायपरची पिशवी आणि येताना घेतलेली भाजी.

छत्री-गाडीचा जन्मही याच वैतागातून झाला. ब्रिटनमधले विमान अभियंता ओवेन मॅक्लारेन यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या मिटणाऱ्या यंत्रणेवर काम केलं होतं. निवृत्तीच्या काळात, नातवंडाची अवजड बाबागाडी हाताळताना मुलीची होणारी दमछाक पाहून त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची घडीची गाडी बनवली आणि १९६५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. वजन तीन किलोच्याही आत. विमानाच्या पोटात चाकं मिटतात तशी ती मिटत होती. दादर-परळच्या जिन्याला आजही याच कल्पनेचा आधार आहे.

माझा कौल असा : लिफ्ट नसेल किंवा रोजचा प्रवास रिक्षा-बस-लोकलचा असेल, तर सात किलोंच्या आतली गाडी. खड्डे लागले तर उचलून न्या. लिफ्ट आहे, संकुलात आत फिरायचं आहे आणि गाडी बाहेर न्यायची वेळ क्वचित येते, तर मोठ्या चाकांची. दोन्ही एकत्र देतो म्हणणाऱ्या मॉडेलची किंमत पाहिल्यावर प्रश्न आपोआप सुटतो.

दुकानात जाण्याआधी काय मोजायचं?

टेप घ्या. लिफ्टच्या दाराची रुंदी मोजा, विशेषतः जाळीच्या दुहेरी दाराची जुनी लिफ्ट असेल तर. घराच्या सेफ्टी डोअरमधून उघडी गाडी आत येते का पाहा. दारातल्या चपलांच्या कपाटानंतर किती जागा उरते तेही. रोज रिक्षाने जात असाल तर घडी केलेली गाडी पायाशी आडवी राहील की उभी धरावी लागेल? छत्रीसारखी मिटणारी गाडी लांबलचक राहते आणि उभी धरावी लागते. तीन घड्यांची गाडी पायाशी मावते, पण महाग. सीएनजीची कार असेल तर डिकीतल्या टाकीने किती जागा खाल्ली आहे हे तपासा. मोठी बाबागाडी घरी आल्यावर हे कळणं फार जिवावर येतं.

दुकानात रिकामी गाडी ढकलू नका. रिकामी गाडी सगळीच लोण्यासारखी चालते. दहा किलोच्या आट्याची पिशवी तिच्यात ठेवा, पट्टा लावा, दुकानाबाहेरच्या पायरीवर चढवून-उतरवून बघा. मग एका खांद्यावर तीन-चार किलोची पिशवी धरून एका हाताने गाडी मिटवून दाखवायला सांगा. विक्रेत्याला नव्हे, स्वतःला आणि घरातल्या आजी-आजोबांनाही, कारण नोकरी सुरू झाल्यावर गाडी तेच नेणार आहेत. हँडलची उंची बदलता येत नसेल, तर उंच बाबा आणि ठेंगणी आजी यांपैकी एकाची कंबर नक्की धरते.

ब्रेक, पट्टे, बिजागरी

या भागात तडजोड नको. पट्टा पाच टोकांचा हवा : दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. तीन टोकांच्या पट्ट्यातून वळवळणारं मूल वर सरकून बाहेर येऊ शकतं. बक्कल तुम्हाला एका हाताने उघडता यावं, दीड वर्षाच्या मुलाला नाही. लेबलवर युरोपचं ‘ईएन १८८८’ किंवा अमेरिकेचं ‘एएसटीएम एफ ८३३’ हे मानक लिहिलेलं आहे का बघा. स्थिरता, ब्रेक, बोटं अडकण्याच्या फटी, घडी आपोआप मिटणं अशा बाबींच्या चाचण्या या मानकांत आहेत.

बिजागरीबद्दल मुद्दाम सांगतो. २००९च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे १० लाख गाड्यांसाठी सुरक्षा मोहीम जाहीर करावी लागली. गाडी उघडताना बिजागरीत सापडून १२ मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या नोंदी होत्या. उपाय साधा होता, बिजागरीवर कापडी आवरण. आज नवी किंवा जुनी, कुठलीही गाडी घेताना बिजागऱ्या झाकलेल्या आहेत का हे पाहा. आणि गाडी उघडताना-मिटवताना मूल दोन हात लांब. कंपनी कोणतीही असो.

ब्रेकचं महत्त्व पटत नसेल तर मेलबर्नच्या अ‍ॅशबर्टन स्थानकावर ऑक्टोबर २००९ मध्ये जे घडलं ते आठवा. आईने क्षणभर हात सोडला, किंचित उतार असलेल्या फलाटावरून गाडी घरंगळत रुळांवर गेली आणि समोरून लोकल आली. बाळ किरकोळ दुखापतीवर वाचलं. सपाट दिसणारा प्रत्येक फलाट सपाट नसतो. थांबलं की ब्रेक, रिक्षा शोधतानाही ब्रेक. हँडलला मनगटाचा पट्टा असेल तर तो अडकवायचा. सरकत्या जिन्यावर बाबागाडी न्यायची नाही. मुंबई, पुणे, नागपूरच्या मेट्रो स्थानकांत लिफ्ट आहेत, दोन मिनिटं थांबावं लागलं तरी चालेल.

आणि हँडलला भाजीची पिशवी लटकवू नका. बाळ आत आहे तोवर तोल राहतो. त्याला उचललं की गाडी मागे उलटते. उलटही होतं : पिशवी फारच जड असेल तर बाळासकट.

ऊन, धूर आणि डास

वैशाखातल्या उन्हात गाडीवर ओढणी टाकून चाललेले पालक सगळीकडे दिसतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. २०१४ मध्ये स्वीडनच्या ‘स्वेन्स्का डागब्लाडेट’ या दैनिकाने उन्हात प्रयोग केला. पांघरूण नसताना आतलं तापमान २२ अंश होतं, पातळ चादर टाकल्यावर अर्ध्या तासात ते ३४ अंशांवर गेलं. हवा खेळत नाही, हे कारण. ही स्वीडनची गोष्ट आहे. आपल्याकडे सुरुवातच ३८ अंशांपासून होते. गाडीचं छत खोल असावं, त्याला मागे जाळीची खिडकी असावी, आणि दुपारी अकरा ते चार बाहेर पडू नये. डासांची जाळी मात्र बिनदिक्कत वापरा, तिच्यातून हवा जाते. पावसाळी प्लॅस्टिकचं आवरण पाऊस थांबल्याबरोबर काढायचं.

धुराचा मुद्दा कमी बोलला जातो. बाबागाडीत बाळाचं नाक जमिनीपासून साधारण ५५ ते ८५ सेंटीमीटरवर असतं, म्हणजे वाहनांच्या सायलेन्सरच्या जवळ. सरे विद्यापीठातल्या प्रशांत कुमार यांच्या चमूने २०१८ मध्ये मांडलं की गाडीतल्या बाळांना मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण झेलावं लागू शकतं. त्यामुळे दोन गाड्यांत निवड करताना उंच आसनाची घ्या. सिग्नलला बसच्या मागे थांबण्याऐवजी दहा पावलं अलीकडे थांबा. आतला रस्ता लांबचा असला तरी तोच घ्या.

तोंड आपल्याकडे असलेली गाडी बरी की समोर बघणारी? २००८ मध्ये डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांच्या अभ्यासात, बाळाचं तोंड पालकाकडे असताना पालक दुपटीहून जास्त वेळा त्याच्याशी बोलताना दिसले. पहिलं वर्षभर तरी तोंड आपल्याकडे असलेलं बरं. पण यासाठी दहा हजार जास्त मोजावेत असं मला वाटत नाही; समोर बघणाऱ्या गाडीतल्या बाळाशीही बोलता येतंच, थांबून, पुढे येऊन.

स्वतःची कार असेल, तर बजेटची वाटणी करताना कार सीटला पहिला मान द्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ला आलेल्या १९४ ब कलमानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा लहान मुलांच्या सीटशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंड सोडा, अचानक ब्रेक लागल्यावर मांडीवरचं बाळ हातांनी धरून ठेवणं कोणालाच शक्य नाही. ३० हजारांची बाबागाडी आणि कार सीट शून्य, हे गणित चुकीचं आहे. कार सीट जुनी घेऊ नका, तिला अपघात झाला आहे का हे बाहेरून कळत नाही. बाबागाडी मात्र जुनी जरूर घ्या. पट्ट्यांची शिवण, ब्रेक, चाकांचा डगमगणं, बिजागऱ्यांची आवरणं एवढं तपासलं की पुरे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची ती ‘चार-पाच वेळाच वापरलेली’ गाडी निम्म्या किमतीत मिळत असेल, तर मी तरी नव्याच्या वाटेला जाणार नाही.

प्रश्न फक्त खरेदीचा आहे का?

नाही. बाबागाडीचा खरा उपयोग बाळाला नसतोच फारसा. बाळ कडेवर सुखी असतं. उपयोग असतो आईला. सोबतीला दुसरं माणूस न शोधता, पाठ न मोडता, तिला एकटीला कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत, बागेपर्यंत, मैत्रिणीकडे जाता येतं. बाळंतपणानंतरचे महिने अनेक जणींना घरात कोंडल्यासारखे जातात. रोजची अर्ध्या तासाची चक्कर ही त्यावरची साधी गोष्ट आहे, आणि ती चक्कर अडते ती फुटपाथवर : मधोमध उभा डीपी बॉक्स, झाडाचं आळं, लावलेल्या स्कूटर, तुटलेलं झाकण. मग बाबागाडी रस्त्यावर उतरते, बसेसच्या रांगेत.

नियम नाहीत असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या २०१२च्या मार्गदर्शक तत्त्वांत निवासी भागात १.८ मीटरची मोकळी चालण्याची पट्टी, कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि चढायला १:१२ उताराचा रॅम्प सांगितला आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद पदपथ पाहिला की काय शक्य आहे ते दिसतं. दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा केला जातो, त्या दिवशी तिथे बाबागाड्या दिसतात. उरलेल्या ३६४ दिवशी त्याच बाबागाड्या कुठे असतात, हे महापालिकेने स्वतःला विचारावं. मुंबईत पदपथाच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांमुळे व्हीलचेअर आत जात नाही, याची २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथाचा हक्क घटनेच्या २१व्या कलमाखालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं.

व्हीलचेअर, काठी टेकत चालणारे आजोबा आणि बाबागाडी यांना लागणारा फुटपाथ एकच आहे. त्यातला पहिला भाग तर महापालिकेची वाट न पाहता होऊ शकतो. सोसायटीच्या गेटाशी किंवा लिफ्टच्या लॉबीत १५ सेंटीमीटरची पायरी असेल, तर १:१२ उतारासाठी १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. एका दुचाकीच्या पार्किंगएवढी जागा. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडायला हरकत नाही. विरोध बहुधा त्या दुचाकीच्या मालकाचाच होईल.